माल्टाच्या वर्गातली एकच जागा

माल्टाहून आल्यापासून लोक मला दोन प्रश्न विचारतात. माल्टा नेमकं कुठं आहे, आणि इंग्रजी शिकायला तिकडं कशाला गेलात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नकाशात इटलीच्या पायाखाली समुद्रात जो ठिपका दिसतो, तो माल्टा. अख्खा देश आपल्या श्रीरामपूर तालुक्यापेक्षा लहान. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात माझी काही फार शोभा नाही.

नगर

सावेडीतल्या एका मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. कागदोपत्री गाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं. माझे वडील इंग्रजीचे शिक्षक होते, आजोबाही. जेवताना माझं एखादं इंग्रजी क्रियापद चुकलं तर वडील घास हातात तसाच धरून थांबत, मी ते दुरुस्त करेपर्यंत. त्यामुळे व्याकरण पक्कं झालं. बोलायची वेळ मात्र फारशी कधी आली नाही. मी इंग्रजी मराठीतून शिकवते, आणि मुलं पास होतात.

सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत उज्ज्वला साळवे रुजू झाली. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. वडील साखर कारखान्यात कामगार होते, ती कॉलेजात असताना गेले. श्रीरामपूरच्या नन्सच्या होस्टेलवर ती शिकली. तिथं सकाळी डोळे उघडल्यापासून इंग्रजी बोलावं लागायचं. त्यामुळे ती इंग्रजी बोलते ते मराठी बोलल्यासारखं. चुकली तरी थांबत नाही, पुढे जाते, मग हसत मागे येऊन दुरुस्त करते. तिच्या तासाला वर्गातून आवाज येतो. माझ्या तासाला येत नसे, आणि याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. नंतर नंतर आठवीची मुलं मला विचारायला लागली, "मॅडम, आम्हाला पुढच्या वर्षी साळवे मॅडम आहेत का?" मी म्हणायचे, "ते वेळापत्रक ठरवेल." त्या वेळी पोटात जे व्हायचं त्याला मी ॲसिडिटी समजत असे.

गेल्या वर्षी परदेशात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला कळवलं, की इंग्रजीच्या दोन शिक्षकांना मे महिन्याच्या सुट्टीत परदेशात एखादा कोर्स करून येऊ दे, खर्च त्याचा. कोर्स कुठला, ते शिक्षकांनीच ठरवायचं. मुख्याध्यापक कदम सर मला म्हणाले, "जोशी मॅडम, तुम्ही सीनियर आहात. निवड तुम्ही करा. साळवे मॅडमना सोबत घ्या म्हणजे झालं."

एका रविवारी उज्ज्वला आमच्या घरी आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही तीन कोर्स समोर घेतले. एक इंग्लंडमधला, एक आयर्लंडमधला, एक माल्टामधला. मला इंग्लंडच हवं होतं. माझे वडील आयुष्यभर त्या देशाची भाषा शिकवून गेले आणि त्यांना मुंबईच्या पलीकडे जाता आलं नाही. ते मी बोलले नाही, फक्त म्हणाले, "मूळ ठिकाणी जावं ना, जायचंच तर."

उज्ज्वलाने चहाचा कप बाजूला ठेवला. "मॅडम, तेवढ्याच खर्चात इंग्लंडला जेमतेम आठवडा होतो. माल्टात पूर्ण दोन आठवडे, आणि एखाद्या घरात राहायचं, जेवण तिथंच. शिवाय मला एक वाटतं. माल्टाच्या लोकांची घरातली भाषा वेगळीच आहे. इंग्रजी त्यांनाही शाळेत शिकावी लागली, आपल्यासारखीच. आपण कुठं अडतो ते त्यांना लवकर कळेल."

मी आठवडाभर तीन पानं टिपणं काढली होती, त्यात हे कुठंच नव्हतं. तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला. मी माल्टाला होकार दिला आणि चहाचे कप जरा जोरात उचलले.

कोर्स चालवणाऱ्या माल्टाच्या संस्थेने दोघींची परीक्षा घेतली. चाळीस मिनिटांचा लेखी पेपर मी अर्ध्या तासात संपवला. मग फोनवर दहा मिनिटं बोलणं. पलीकडच्या बाईंनी गावाबद्दल विचारलं, मी नगरच्या किल्ल्याबद्दलची पाठ केलेली वाक्यं म्हटली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावातलं तुम्हाला काय आवडत नाही?" आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या खोलीत उज्ज्वला तिच्या फोनवर बेलापूरच्या एसटीची काहीतरी गंमत सांगत होती. ती हसत होती, आणि फोनमधलं माणूसही हसत असावं.

चार दिवसांनी मेल आली. अर्ज मी भरला होता, म्हणून माझ्याच पत्त्यावर. मजकूर थोडा होता. त्या तारखांना खास शिक्षकांच्या वर्गात एकच जागा उरली आहे. उज्ज्वला साळवे यांचे गुण अधिक असल्याने ती जागा त्यांना द्यावी असं आम्ही सुचवतो. दुसऱ्या शिक्षिकेला साध्या इंग्रजीच्या वरच्या वर्गात बसता येईल. तुमचा निर्णय कळवा.

मी मेल तीनदा वाचली. "त्यांना काय, सगळीकडे आधी मिळतं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, आमच्या ओसरीवर. मी स्वतः ते कधी उच्चारलं नव्हतं, आणि आपण त्यातल्या नाही असं मी धरून चालले होते. त्या दुपारी ते वाक्य माझ्या मनात माझ्याच आवाजात आलं. खरं तर इथं राखीव काहीच नव्हतं. दोघींनी एकच पेपर सोडवला होता.

मी उत्तर लिहिलं, की आमच्यात विचारविनिमय झाला असून शिक्षकांच्या वर्गात सीनियर शिक्षिका म्हणून मी बसेन. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये उज्ज्वलाला म्हणाले, "एकच जागा होती गं. त्यांनी सीनियॉरिटीने दिली."

तिने हातातल्या वह्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाली, "चालेल मॅडम. मी दुसऱ्या वर्गात बसते."

बेलापूर

निघण्याच्या आठ दिवस आधी उज्ज्वलाच्या आईने मला भेटायला बोलावलं. प्रवरेच्या काठचं मोठं गाव, दोन्ही बाजूला ऊस, घरापुढे पेरूचं झाड. घरात शिरताच समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली उज्ज्वलाचं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. आईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या.

"मॅडम, ही कदी पुन्याच्या पल्याड गेली न्हाई," त्या म्हणाल्या. "इमानात बसायचं म्हनली तवा माजा जीवच उडाला. मग म्हनली, जोशी मॅडम हायत संगं. मंग मी म्हनलं, मॅडम हायत तर जा."

"आई, मी काय लहान आहे का?" उज्ज्वला आतून म्हणाली.

"तू गप. मी मॅडमशी बोलतीय." आईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तिकडं काय खायला मिळतंय कुनास ठाऊक. दोगी मिळून खावा. आन् तिला शिकायची लई हौस हाय, मॅडम. तिचा बाप म्हनायचा, ही परदेसात शिकंल. तुमच्यामुळं त्याचं बोलनं खरं झालं बगा."

मी चहा प्यायले. डबा पिशवीत ठेवला.

स्लिमा

माल्टात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती रंग. सगळी घरं एकाच पिवळसर दगडाची, ताज्या गुळाच्या ढेपेसारखी. बाहेरून लाकडी बंद सज्जे, हिरवे, निळे, लाल. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, भिंतीतली विजेची छिद्रंही मोठ्या तीन पिनांची. शेतांना दगडांचे बांध आणि बांधावर फड्या निवडुंग. बसच्या खिडकीतून क्षणभर पारनेरच्या रस्त्याला असल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या वळणावर समुद्र आला.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. थांब्यावर आम्ही शिस्तीत उभ्या राहिलो, आणि एकामागून एक तीन बस आमच्यासमोरून निघून गेल्या. तिथं हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. आपल्याकडे एसटी हात दाखवूनही थांबत नाही, म्हणून आम्ही हात दाखवण्याचा विचारच केला नव्हता. उज्ज्वला हसत सुटली, मला हसू आलं नाही. शिक्षकांच्या वर्गाला पहिल्याच दिवशी उशीर झाला होता.

आम्ही राहत होतो ते स्लिमा गावातलं घर कार्मेन नावाच्या सत्तरीच्या विधवा बाईंचं. घर चिंचोळं, वर गच्ची, गच्चीवर कपडे आणि टोमॅटोची रोपं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मटार भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्री आणल्या. ओल्या मटारची करंजी तेलाऐवजी भट्टीत भाजली तर होईल, साधारण तशी चव. सोबत टोमॅटो चोळलेला पाव आणि एक कडसर सरबत, जे मला आवडलं नाही आणि उज्ज्वलाने दोनदा मागून घेतलं.

जेवताना कार्मेनबाई त्यांच्या भाषेत मांजरीवर ओरडल्या. उज्ज्वलाने विचारलं, "दिन्या म्हणजे काय हो? तुम्ही आता म्हणालात."

"दिन्या म्हणजे जग. मी म्हटलं, साऱ्या जगात हीच एक आळशी."

"आमच्यात दुनिया म्हणतात," उज्ज्वला म्हणाली. मग दोघी लागल्याच. पुस्तकाला त्यांच्यात क्तीब, आमची किताब. साबणाला सापूना. कार्मेनबाई मोरीतून साबण घेऊन आल्या, उज्ज्वलाने पिशवीतून पुस्तक काढलं, आणि दोघी एकेक वस्तू उचलून नावं विचारू लागल्या. मी अठ्ठावीस वर्षं भाषा शिकवते. ते शब्द मीही ऐकले होते. मला ते ओळखीचे का वाटले नाहीत, याचा विचार करत मी पाव खात राहिले. तिसऱ्या दिवसापासून कार्मेनबाई तिला 'माझी उज्जी' म्हणू लागल्या आणि मला 'मिसेस जोशी'.

वर्गात

शिक्षकांच्या वर्गात आम्ही सातजण होतो. पोलंड, स्पेन, इटली, तुर्कस्तान आणि मी. तिथं पुस्तक नव्हतं. सकाळी सगळ्यांनी उभं राहायचं, एकमेकांना प्रश्न विचारायचे, चित्रांचे तुकडे जुळवायचे. मला वाटत होतं कुणी फळ्यावर नियम लिहील आणि मी तो आधीपासून येतो असं दाखवेन. नियम कुणी लिहिलाच नाही. जोडी करायला सांगितलं की शेवटी बहुतेक मी उरायचे, मग वर्ग घेणारे शिक्षक स्वतः माझ्यासमोर येऊन बसायचे.

भिंतीपलीकडे उज्ज्वलाचा वर्ग. तिथून हसण्याचा आवाज यायचा. मधल्या सुट्टीत ती तिच्या वर्गातल्या लोकांबरोबर अंगणात बसलेली दिसायची. कोलंबियाची एक दंतवैद्य, एक तुर्की इंजिनियर, आणि तानाका नावाचे एक वृद्ध जपानी पोस्टमास्तर, निवृत्त झालेले. उज्ज्वला त्यांना आईची चटणी खायला देत होती. पोस्टमास्तरांना ठसका लागला, सगळे त्यांची पाठ थोपटत होते. त्या वर्गात ती माझ्यामुळे गेली होती. मी तिला तिथं ढकललं होतं, आणि आता मला तिथंच जाऊन बसावंसं वाटत होतं. जी खुर्ची मी हिसकावली, ती मला टोचत होती.

शुक्रवारी आम्हा शिक्षकांना एकेक पाठ घ्यायचा होता, आणि तो साध्या इंग्रजीच्या वर्गावर. माझ्या वाट्याला उज्ज्वलाचाच वर्ग आला. संस्थेच्या संचालिका इसाबेल मागे येऊन बसल्या.

मी 'हॅव' लावून होणारा काळ शिकवायला घेतला. तो मी झोपेतही शिकवू शकते. फळ्यावर व्याख्या लिहिली, खाली उदाहरणं. अकराजण वहीत उतरवत होते. खोलीत आमच्या शाळेसारखी शांतता झाली. मला बरं वाटलं.

मग पोस्टमास्तरांनी हात वर केला. थांबत थांबत ते म्हणाले, "माझी बायको वारली. चाळीस वर्षं आम्ही बरोबर होतो. मी 'आय हॅव बीन मॅरिड' म्हणायचं, की 'आय वॉज मॅरिड'?"

मी म्हणाले, "क्रिया संपली आहे. म्हणून साधा भूतकाळ. आय वॉज मॅरिड."

उत्तर बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पण खोलीतली शांतता आता वेगळी झाली होती, हे मलाही कळत होतं. माझ्या हातात खडू नव्हता, पांढऱ्या फळ्यावर लिहायचं शाईचं पेन होतं, आणि ते कुठं ठेवावं ते मला सुचेना.

मागच्या रांगेतून उज्ज्वलाने त्यांना विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

"फुमिको."

"त्या काय करायच्या?"

ते सांगू लागले. फुमिकोबाई शिवणकाम करायच्या. त्यांनी शिवलेला कोट पोस्टमास्तर अजून वापरतात. हे बोलताना त्यांचे काळ सगळे चुकत होते आणि सगळ्यांना सगळं समजत होतं. मग उज्ज्वलाने माझ्याकडे पाहून, अगदी विद्यार्थिनीसारखं विचारलं, "मॅडम, माझे वडील वारले. पण मी म्हणते, आय हॅव लर्न्ट एव्हरीथिंग फ्रॉम हिम. शिकलेलं अजून माझ्याजवळ आहे म्हणून. हे चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. "त्यासाठीच तो काळ आहे."

पोस्टमास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. आय हॅव वोर्न हर कोट एव्हरी विंटर. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पाठ सावरला होता. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की तो माझा पाठ होता आणि टाळ्या तिच्या होत्या.

वर्ग सुटल्यावर इसाबेल उज्ज्वलाजवळ गेल्या. "तुम्ही शिक्षिका आहात हे मी विसरलेच होते. आम्ही ती जागा तुम्हालाच देऊ केली होती, नाही का? तुम्ही नको म्हणालात याचं मला आश्चर्य वाटलं होतं."

मी फळा पुसत होते. पुसून झालेला फळा पुसतच राहिले. मागून उज्ज्वलाचा आवाज आला, नेहमीसारखाच. "हो. तेव्हा माझी काही कारणं होती."

गोझो

शनिवारी सगळ्यांची गोझोला सहल होती. माल्टाच्या उत्तरेला आणखी एक बेट, बोटीने अर्धा तास लागत नाही. आदल्या संध्याकाळपासून उज्ज्वला माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच खोलीत दोन खाटा, मधे हातभर अंतर.

बोटीच्या डेकवर वारा होता. ती कठड्याला टेकून उभी होती. मी जाऊन म्हणाले, "उज्ज्वला, त्या मेलमध्ये तुझं नाव होतं. तुझे गुण जास्त होते. मी खोटं सांगितलं."

"ते कालच कळलं, मॅडम."

"मला माफ कर."

"कशाबद्दल?" ती समुद्राकडेच पाहत होती. "जागा घेतल्याबद्दल की खोटं बोलल्याबद्दल?"

मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही मला विचारलं असतं तर कदाचित मी ती जागा तुम्हाला दिली असती. तुमच्या वडिलांबद्दल शाळेतल्या शिपाईमामांनी मला सांगितलंय. कदाचित दिली नसती, भांडले असते. आता मला ते कधीच कळणार नाही. तुम्ही माझं ते पण घेतलंत." मग ती वळली. "आणि मॅडम, खरं सांगू? तुम्ही सीनियॉरिटी म्हणालात तेव्हा मला आत कुठंतरी माहीत होतं. असं माझ्याबाबतीत पहिल्यांदा नाही झालेलं. फक्त तुमच्याकडून होईल असं वाटलं नव्हतं. आई म्हणाली होती, मॅडम हायत."

वाऱ्याने माझे डोळे चुरचुरत होते असं मी तिला सांगणार होते. नाही सांगितलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"रडू नका. रडलात तर मला तुमची समजूत काढावी लागेल, आणि मला ती काढायची नाहीये." ती पुन्हा समुद्राकडे वळली. "शाळा उघडल्यावर पहिल्या सभेत ती मेल वाचून दाखवा. सगळ्या स्टाफसमोर. बस, एवढंच."

गोझो मला फारसं आठवत नाही. टेकडीवरचं चर्च, आत घंटांचा आवाज, बाहेर काळी बकरी आणि मिठाच्या उथळ चौकोनी खळग्यांत वाळणारं समुद्राचं पाणी. सगळेजण फोटो काढत होते. मी सगळ्यांचे काढून दिले, म्हणजे मला त्यांच्यात उभं राहावं लागणार नाही.

सोमवारी मी इसाबेलना खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या आठवड्यासाठी आमची अदलाबदल करा म्हणून विनंती केली. त्या म्हणाल्या, "साळवेंना चालत असेल तर करू." त्यांनी उज्ज्वलाला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "नको. माझ्या वर्गाचं काम अर्धं झालंय. मला माझा वर्ग आवडतो."

तिने ते मला लागावं म्हणून म्हटलं नसेल. पण लागलं.

मार्साश्लॉक

तिच्या वर्गाचं काम म्हणजे मच्छीमारांच्या मुलाखती. बेटाच्या दक्षिणेला मार्साश्लॉक नावाचं बंदर आहे. तिथल्या होड्या पिवळ्या-निळ्या-लाल रंगवलेल्या, आणि प्रत्येकीच्या नाकावर दोन डोळे. आपल्याकडे बैलांच्या शिंगांना रंग लावतात तसंच ते, जनावर आपलं मानलं की सजवायचं. बुधवारी माझ्या वर्गाला सुट्टी होती म्हणून मीही गेले. लांब एका बाकावर बसले.

उज्ज्वला जाळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी बोलत होती. त्याचं इंग्रजी मोडकं, तिचं भरभर. त्याने तिच्या हातात सुई दिली, जाळ्याची गाठ कशी मारायची ते दाखवलं. पोस्टमास्तर शेजारी वहीत लिहीत होते. मी पाहत होते आणि पहिल्यांदा स्वतःशी नीट कबूल केलं, की हे ॲसिडिटी नाही. मला तिच्या गुणांचा हेवा नव्हता, जागेचाही नव्हता. तिला चुकायची भीती वाटत नाही, याचा होता. माझ्या घरात घास अडवून धरत, तिच्या घरात परदेशाची स्वप्नं बघत. हे कबूल केल्यावर हेवा कमी होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. फक्त त्याला नाव मिळालं.

म्हातारा मला हाक मारून म्हणाला, "तुम्हीही या, बाई." मी गेले. दोन गाठी मारल्या, दोन्ही सुटल्या. तो हसला, मीही हसले. उज्ज्वला हसली नाही, पण तिने सुई परत माझ्याकडे दिली.

परत नगर

शाळा उघडली. पहिल्या सभेत कदम सरांनी आम्हाला प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, आधी मेल इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली, मग मी काय उत्तर पाठवलं ते वाचलं. कागद टेबलावर ठेवला.

मला वाटलं होतं सगळे चिडतील. कदम सर म्हणाले, "अहो मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता? सीनियर तुम्हीच होता." दोघातिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहाचं काय म्हणून विचारलं. मला खरी लाज तेव्हा वाटली. मी जे केलं ते त्यांच्यातल्या कुणीही केलं असतं, आणि कुणाला ते खटकलंही नसतं.

उज्ज्वला खिडकीजवळ बसली होती. ती म्हणाली, "सर, मॅडमनी वाचलं ते इतिवृत्तात लिहून घ्या."

"त्याची काय गरज आहे?"

"घ्या, सर," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं.

आमची मैत्री त्यानंतर पूर्वीसारखी झाली नाही. खरं तर पूर्वी ती होती की नाही, याचीच मला आता शंका आहे. ती मला मॅडम म्हणते, कामापुरतं बोलते. मी अधूनमधून तिची परवानगी घेऊन तिच्या तासाला मागच्या बाकावर बसते, टिपणं काढते. माझ्या वर्गातून आता थोडा आवाज येतो. तिच्याइतका नाही.

गेल्या महिन्यात ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोर एक कागद घेऊन आली. इसाबेलनी तिला पुढच्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या वर्गासाठी अर्ज करायला सांगितलं होतं. एक जागा विनाशुल्क आहे, बऱ्याच देशांतून अर्ज येतात.

"एकदा वाचून द्याल का?" ती म्हणाली. "तुमच्याइतकं बारकाईनं दुसरं कुणी वाचणार नाही." ती खुर्चीवर बसली नाही. तास होता, निघून गेली.

अर्जाचं ते इंग्रजी पत्र सुंदर होतं. मला तसं लिहिता आलं नसतं. त्यात वडील होते, होस्टेल होतं, फुमिकोबाईंचा कोट होता. दीड पानात एकच चूक होती. शेवटच्या परिच्छेदात एके ठिकाणी नामाआधीचा इंग्रजी 'द' राहून गेला होता. वाचणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही अशी, आणि आली तर खटकेल अशी.

पेन्सिल माझ्या हातात होती. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. मी किती वेळ थांबले ते सांगत नाही, पण थांबले.

मग तो 'द' लिहिला, आणि त्याच्याभोवती लहानसं वर्तुळ काढलं, म्हणजे तिच्या नजरेतून सुटायला नको.